बाराव्या फलकावरची फुलं

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता, सिंगापूरच्या तोआ पायोहमधल्या एका सत्तरीच्या चिनी सुतारावर अन्याय झाला. तो मी केला. कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटणारीने.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला आगगाडीचा एक आलिशान डबा इथल्या एका हॉटेलवाल्याने रेस्टॉरंटसाठी आणला होता. आत भिंतींवर बारा लाकडी फलक. रंगाचा थेंब नाही. सगळी फुलं कागदाएवढ्या पातळ लाकडी तुकड्यांची, दमट हवेने सुटलेली. हे सुतार अंकल ती पुन्हा बसवत होते.

मी पत्रकासाठी 'केस' शोधत त्यांच्या वर्कशॉपमध्ये शिरले. कढईत तापलेल्या वाळूत ते उघड्या बोटांनी एकेक पाकळी खुपसत होते. कड जरा भाजली की तिथे सावली पडते आणि फूल उठून दिसतं, हे त्यांनी समजावलं. मी ऐकलं कुठे! मला दिसले ते बोटांवरचे डाग.

"मालक हातमोजे देत नाही?"

"मोज्यातून पाकळी करपलेली कळणार कशी? प्राटावाला मोजे घालून तव्यावरचा प्राटा उलटतो का, लाह?" इथल्या सवयीचं 'लाह' शेवटी जोडून ते हसले.

मी फोटो काढला. कशाला, असं त्यांनी विचारलं. "आठवण म्हणून," मी म्हणाले.

धडधडीत खोटं. संध्याकाळी तो फोटो पत्रकावर होता: 'तापल्या वाळूत उघडे हात!'

सोमवारी हॉटेलवाल्याने बदनामीच्या भीतीने काम काढून घेतलं. अकरा फलक झाले होते. बाराव्यावर आता फुलांचा छापील स्टिकर आहे.

माफी मागायला गेले, तर कढई घासून पालथी घातलेली. अंकल म्हणाले, "फारच बिचारा दिसतोय मी त्या फोटोत. विचारलं असतंस तर शर्ट तरी बदलला असता." मग त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. बाराव्या फलकाच्या पाकळ्या, सगळ्या भाजून तयार. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पत्रक मी मागे घेतलं, मालकाला दोनदा भेटले. तो म्हणतो, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही. इथल्या आपल्या मराठी मंडळींचे वाढदिवस हल्ली तिथेच होतात. तेव्हा पुढच्या वेळी ऑर्डर देण्याआधी मालकाला टेबलापाशी बोलवा, त्या स्टिकरकडे बोट दाखवा आणि सांगा: पाकळ्या तयार आहेत, अंकलना परत बोलवा.