फ्लू म्हणजे ताप

काल लेकीनं इंग्रजीची वही पुढे केली. वॉक, राइड, ड्राइव्ह, सेल, फ्लाय. "आई, फ्लायचा भूतकाळ काय गं?" आणि मी थेट महाल भागातल्या माझ्या शाळेत, सातवीच्या बाकावर जाऊन बसले.

बाईंनी प्रत्येकीला आपल्या प्रवासाचं एक वाक्य भूतकाळात सांगायला लावलं होतं. मी म्हणाले, "आय वॉक्ड टु स्कूल." माझ्या चपलेचा अंगठा तेव्हा सेफ्टी पिनेवर टिकून होता. मग शेजारची सुनंदा उठली. "आय फ्लू टु डेल्ही." दिवाळीत ती खरंच विमानानं गेली होती. विमानात मिळालेली गोळी तिनं न खाता कंपासमध्ये जपली होती आणि कंपास उघडला की संत्र्याचा गोड वास यायचा.

माझा नुसता जळफळाट झाला. मी मोठ्यानं म्हणाले, "अवं, फ्लू तर तापाले म्हणतात! दिल्लीले जाऊन ताप आला का तुले?"

सगळा वर्ग खिदळला. सुनंदा खाली बसली. विमानाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

एव्हाना मीही विमानानं जाऊन आले आहे. तरी लेकीला उत्तर देताना जीभ अडखळली. तो शब्द बरोबर आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आदल्याच दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर मी तो दहादा लिहिला होता, दर वेळी आधी 'आय' लावून.