पिशवीभर संत्री

संत्रं सोललं की मला तुलसी नगरचं आमचं सरकारी क्वार्टर आठवतं. बाबा ज्या विमानात होते ते अपहरणकर्त्यांनी पळवून नेलं होतं, त्याला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती. तरी टीव्हीवर कुणी निवृत्त अधिकारी ‘ओलिसांना जेवण वेळेवर पोचवलं’ असं म्हणाला की बाबा समोरचं ताट बाजूला सारायचे. जेवण आलंच नव्हतं, ते म्हणायचे, सगळे माझ्या पिशवीतल्या नागपूरच्या संत्र्यांवर राहिले. एकेक फोड वाटत नेली, पण मागच्या रांगेतल्या आजारी म्हातारीपर्यंत पोचायच्या आत संत्री संपली, आणि ती बाई विमानातच वारली. आई हे ऐकून ऐकून थकली होती. जेवण आलं नव्हतं असं कळवणाऱ्या बाबांच्या पत्रांना कुठूनच उत्तर येत नव्हतं. मग एका दुपारी त्या म्हातारीची मुलगी पत्ता शोधत आमच्याकडे आली. आईने दिलेलं पाणी तिने नुसतंच हातात धरलं. “अंकल, टीवी पर बोलते हैं खाना आया था. अम्मा ने खाया था न?” इतक्या वर्षांत बाबांना कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. “हां बेटा, आया था,” ते म्हणाले. “पेट भर के खाया उन्होंने.” त्यानंतर बाबा टीव्हीशी कधी भांडले नाहीत. आता तेही नाहीत. परवा टीव्हीवर त्या अपहरणावरचा कार्यक्रम लागला होता, तेव्हा माझ्या मुलीने विचारलं, “आजोबा होते ना त्यात? खरंच जेवण आलं होतं?” मी तिच्या हातावर संत्र्याची एक फोड ठेवली आणि दुसरी सोलत बसले.