कोण हाय काय घरात?

आमच्या माझगावच्या गल्लीत, नवरा गेलेल्या एका बाईसाठी आणि तिच्या मुलींसाठी एक संस्था पर्यावरणपूरक घर बांधत होती. तिथला मिस्त्री मला खिडकीतून रोज दिसायचा. मी दिसलो की भिंतीला तळहात लावून म्हणायचा, "बघा, भर उन्हात कशी गार हाय!" संध्याकाळी निघताना रिकाम्या घरात हाक मारायचा, "कोण हाय काय घरात?" आवाज घुमला की कान देऊन ऐकायचा. मला हसू यायचं.

"माझ्या खोलीत पण असंच घुमतं," एकदा म्हणाला.

घराला पर्यावरणपूरक असल्याचं प्रमाणपत्र मिळालं, मायलेकी राहायला आल्या. त्या संध्याकाळी तो दारात आला, भिंतीला हात लावला आणि सवयीने हाक मारून बसला.

आतून बाईने विचारलं, "कोण पाहिजे?"

तो गडबडला. भिंतीवरचा हात काढून घेत म्हणाला, "कोणी नाय."