ताकदीची लाल बाटली

लालसर औषधाची बाटली कुठं दिसली की माझी नजर अजून तिच्यावर अडकते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरात फौजदार होतो, तेव्हाच्या एका प्रकरणानं ही सवय लावली. नावं कुणाचीच सांगत नाही. ती माणसं, त्यांची मुलंबाळं इथंच राहतात.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. कबनूरचा एक मुसलमान माग कामगार ठाण्यात आला. एसटी स्टँडवर त्याची पिशवी चोरीला गेली होती. अशा तक्रारी रोजच्याच. ठाणे अंमलदारानं मान वर न करता विचारलं, "काय होतं पिशवीत?"

"बायकूचं औषध. कॅन्सरचं. मुंबईस्नं आणलंतं. साहेब, चोर सोडला तरी चालंल, पर औषध गावलं पायजे. परवा द्यायचं हाय."

फिर्याद नोंदवून मी थेट त्याच्या बायकोवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "बाटल्यांत लाल भुकटी आहे. विरघळवून शिरेतून हळूहळू द्यायची, तीही हातमोजे घालून. शिरेबाहेर गळली तर मांस जळतं, जखम लवकर भरत नाही. उलट्या होतात, केस जातात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, मग साध्या तापानंही माणूस दगावू शकतो. हृदयावर ताण येतो, म्हणून एकूण किती द्यायचं यालाही मर्यादा आहे."

"अहो, मग हे औषध म्हणायचं की विष?"

"विषच म्हणा. पण झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींना ते आधी गाठतं, आणि कॅन्सर तसाच वाढतो. या बाईंच्या छातीतली गाठ लिंबाएवढी होती, आता बोराएवढी राहिलीय. खंड पडला तर पुन्हा वाढेल." मी उठलो तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "हे घेतलं की लघवी लाल होते. रक्त नसतं, औषधाचाच रंग."

पोलिसाच्या कानाला एवढं पुरे. लाल लघवीवाला कुणी कळला तर ठाण्यात सांगा, असा निरोप मी खबऱ्यांना दिला. हवालदार तोंडावर रुमाल धरून हसत होता. दुसऱ्याच दिवशी तालमीजवळचा चहावाला आला. "साहेब, आमच्या तालमीतला एक पैलवान कालधरनं लाल मुततोय. उलट्या बी चालल्यात. वस्ताद म्हणत्यात, उष्णता झाली."

आमच्याकडं अंगात ताकद नाही वाटलं की माणूस सलाईन लावून घेतो. त्यात जीवनसत्त्वाचं लाल इंजेक्शन सोडायचं. बाटली लाल झाल्याशिवाय पेशंटला पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. पैलवानाची कुस्ती ठरली होती, म्हणून त्यानं पेठेतल्या एका बोगस डॉक्टरकडं ताकदीची बाटली लावून घेतली होती. पैलवानाला मी जीपमधून डॉक्टरीणबाईंच्याच इस्पितळात पाठवलं आणि बोगस डॉक्टरला ठाण्यात आणलं.

गडी पक्का होता. "जीवनसत्त्वच दिलंय की. पैलवानानं काय खाल्लं, मला काय म्हाईत?" हवालदाराचे हात शिवशिवत होते. मी त्याला बाहेर पाठवलं, चहा मागवला आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. मांस कसं जळतं, पेशी कशा घटतात, हृदय कसं थकतं. त्यानं चहा न पिताच कप खाली ठेवला.

"साहेब, घरला माणूस पाठवा. कोनाड्यात हायत उरलेल्या. आज सांजच्याला आईला देणार हुतो." एवढं बोलून तो ढसाढसा रडला. पिशवीचोराकडून त्यानं त्या बाटल्या ताकदीच्या म्हणून घेतल्या होत्या.

बाटल्या मिळाल्या, पण आता त्या मुद्देमाल झाल्या. पंचनामा केला आणि तसाच कोर्टात धावलो. न्यायाधीशांनी अर्ज वाचला आणि लगेच सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मूळ मालकाच्या ताब्यात, बाटल्या सोडल्या. अट एकच, रिकाम्या बाटल्या पुरावा म्हणून जमा करायच्या. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक बाटलीचं सील आणि भुकटी उजेडात तपासली. भुकटी कोरडी होती म्हणून वाचलो, विरघळवलेलं औषध असतं तर फेकावंच लागलं असतं, असं त्या म्हणाल्या. त्या दिवसापुरतं औषध पुरलं. पुढचं आणायला तालमीतलाच एकजण मुंबईला गेला.

मी इस्पितळात रिकाम्या बाटल्यांसाठी थांबलो होतो. तेवढ्यात पैलवान भिंतीचा आधार घेत आला. भल्याभल्यांना चितपट करणारा गडी दोन दिवसांत पार उतरला होता. खाटेवर कबनूरची ती बाई बसलेली, अंगानं काडी, पदराखाली डोक्यावर एक केस नाही.

"ताई, तुमची बाटली माज्या अंगात गेली. एकाच बाटलीत मी आडवा झालो बगा. तुमी कितींदा घेतलीसा?"

"ही पाचवी बारी."

"तरास हुईत न्हाई व्हय?"

"हुतोय की. त्वांड सोलतंय, पाणी बी ठरत न्हाई. घेतलं न्हाई तर पोरांस्नी कोण बगंल?"

सगळं ठाऊक असून ती पुन्हा तयार होती. माणसाच्या ताकदीचा माझा अंदाज तोवर साफ चुकीचा होता, हे त्या प्रकरणानं शिकवलं.

कुस्तीच्या हौद्यात उतरताना पैलवान मातीला हात लावून कपाळी नेतात. त्यानं तिच्या खाटेपुढच्या फरशीला तसाच हात लावला. तिला त्यातलं काही कळलं नाही. तिनं पदर सावरला आणि नर्सपुढं हात केला.