पायरीवरचे गृहस्थ आणि नवे कोच

विश्रांतवाडीच्या मैदानावर मी सकाळी फिरायला जातो. तिथला फुटबॉल क्लब रोज सराव करतो आणि रविवारी नेमाने हरतो. हरला, की अध्यक्ष कोच बदलतात. पायरीवर रुमाल अंथरून बसणारे एक गृहस्थ मात्र कायम आहेत. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. नवा कोच आला, की ते चष्मा पुसून त्याला नीट बघून घेतात. पुन्हा दिसेल न दिसेल.

परवा आणखी एकाला काढलं. अध्यक्ष वैतागून गृहस्थांपाशी आले.

"अहो, आपण रोज बघता. आपणच व्हा ना कोच."

"नको," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "मला इथे पुढेही यायचंय."

समोर खेळाडू आपापसांत ठरवत होते, आज सराव कोणी घ्यायचा.