तात्यांचा कोरा नमुना

तात्या पशुखाद्य आधी हुंगायचे, मग यंत्राकडे पाठवायचे. सरकीची ढेप तळहातावर चोळून नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "औषध काही वासावर सापडत नाही गं, पण ओळख तर करून घ्यावी." देवासच्या आमच्या प्रयोगशाळेत खाद्यातले कीटकनाशकांचे अंश शोधायचं काम त्यांचं. मी धारची, त्यांच्या हाताखाली नवी. तिथे मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे माझ्या मोडक्यातोडक्या मराठीवरही ते खूश असायचे.

कोऱ्या नमुन्याचं त्यांना वेड होतं. दर खेपेला आधी औषध न लागलेलं धान्य तपासायचं. ते स्वच्छ निघालं तरच पुढचा निकाल खरा. त्यासाठी तात्या परसात बिनफवारणीचा मका लावायचे. काकू गेल्यावर खुरपणी एकट्यानेच. "घरात बोलायला कोणी नाही, म्हणून मक्याशी बोलतो. उलट उत्तर तरी देत नाही," म्हणायचे. मी हसायची. आता हसू येत नाही.

एकदा काकूंच्या कपाटाला वाळवी लागली. कपाट टाकवेना, म्हणून रविवारी त्यांनी स्वतःच औषध मारलं. मक्याचं पोतं शेजारीच होतं, ते ध्यानातच आलं नाही. सोमवारी प्रयोगशाळेच्या चक्कीत आधी तो मका दळला, मग सोनकच्छच्या एका लहान कारखानदाराचं खाद्य. खाद्यात औषध निघालं आणि संध्याकाळीच नापासाचा अहवाल गेला. मंगळवारी तात्यांनी कोरा नमुना स्वतः लावला. त्यातही तेच औषध! म्हणजे कपाटाचं औषध मक्यातून चक्कीत आणि चक्कीतून त्या खाद्यात उतरलं होतं.

साहेब म्हणाले, "अब रिपोर्ट तो चली गई. जाने दो भिया."

"उस बेचारे का पूरा माल लौट जाएगा, साब," तात्या म्हणाले. अहवाल मागे घेतल्याची चिठ्ठी लिहिली आणि तडक सोनकच्छची बस धरली. त्या माणसाचा माल वाचला. तात्यांची नोकरी गेली.

पुढे मी एकदाच त्यांच्या घरी गेले. मी उठायला लागले की ते पुन्हा चहा टाकायचे. त्या प्रकरणाचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही. उन्हाळ्यात तात्या गेले. मला चार दिवसांनी कळलं.

अहवाल मागे घेतानाच्या त्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलं होतं, 'कोरा नमुना लावायचा राहिला, चूक माझी.' तो लावायचं काम माझं होतं. धारची बस चुकू नये म्हणून सोमवारी मी तो टाळला आणि रजिस्टरात 'स्वच्छ' लिहून मोकळी झाले. तात्यांना हे ठाऊक होतं. त्यांच्यासमोर बसून मी तीन कप चहा प्यायले, आणि एवढंही कबूल केलं नाही.