त्या सिनेमातली विळी

ते प्रकरण आठवलं की मी अजूनही खुर्चीतून उठतो आणि घरात येरझारा घालू लागतो. बायको म्हणते, ‘‘आलं वाटतं तुमचं ते सिनेमाचं.’’ बर्मिंगहॅमच्या पोलिसांत मी बरीच वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांनी झोप कधी मोडली नाही. ह्या प्रकरणात रक्ताचा एक थेंबही सांडला नव्हता.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. आमच्या ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच. फ्रंट डेस्कवरून निरोप आला की एक बाई आल्या आहेत आणि त्यांना फक्त माझ्याशीच बोलायचंय. चेहरा ओळखीचा वाटला. मराठी मंडळाच्या गणपतीला वर्षातून एकदा मी जेवायला जायचो, तिथे ह्या बाई वाढायला असत. हॉस्पिटलात एक्स-रे विभागात नोकरी, आणि दर रविवारी मंडळाच्या मुलांना मराठी शिकवायच्या.

त्या बसायला तयार नव्हत्या. उभ्या उभ्याच त्यांनी पर्समधून पाकीट काढलं. आत एक डीव्हीडी आणि इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी. मजकूर असा की रविवारचा वर्ग सोड, मंडळातून बाहेर पड, नाहीतर ही डीव्हीडी प्रत्येक मेंबरच्या घरी जाईल आणि तुझ्या सासरी पुण्यालाही.

‘‘काय आहे ह्याच्यात?’’ मी विचारलं.

‘‘मी आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लो-बजेट थ्रिलर होता. म्हणजे... तसले सीन्स असतात ना, तसला. कोणी फसवलं नाही मला. स्क्रिप्ट वाचून, विचार करूनच हो म्हटलं. पुण्यात नाटकं करायचे हो मी. इथे आल्यावर कोणी विचारेना. ह्यांना बिझनेस ट्रिपवर जावं लागायचं, मी आठवडाभर रजा घेतली आणि केलं. ह्यांना माहीत नाही.’’

‘‘पूर्ण पाहिलात?’’

‘‘नाही. धीरच झाला नाही. आता लेटरबॉक्स वाजला की साहेब, ह्यांच्या आधी मी खाली पळते.’’

पैसे मागितले नसल्यामुळे कायद्याच्या भाषेत ही खंडणी नव्हती. धमकीचं पत्र आणि छळ ह्या कलमांत ते बसत होतं, आणि वरिष्ठांच्या लेखी अशा तक्रारीला फारशी किंमत नसते. माझी इन्स्पेक्टर गोरी होती, कडक होती, पण तिने चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, ‘‘घे ही केस.’’ पाकीट बोटांच्या ठशांसाठी गेलं. उपयोग झाला नाही, हल्ली सगळेच शहाणे झालेत.

पहिला संशय अर्थातच दिग्दर्शकावर. चिप्सच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं, खालच्या तळणाचा वास त्याच्या पडद्यांत मुरलेला. माणूस निरुपद्रवी निघाला. म्हणाला, सिनेमा इथे विकलाच गेला नाही, परदेशातल्या एका केबल चॅनलने घेतला. दुकानात डीव्हीडी आलीच नाही. प्रती फक्त काम करणाऱ्यांना दिल्या आणि एक, ज्या घरात शूटिंग झालं त्या घरमालकाला.

‘‘कोण घरमालक?’’

‘‘घर माझ्या असिस्टंटने ठरवलं होतं. रोख पैसे दिले. तो आता स्पेनमध्ये बार चालवतो.’’

त्या असिस्टंटने आमच्या एकाही फोनला उत्तर दिलं नाही. शेवटी सिनेमा पाहण्याखेरीज इलाज उरला नाही.

पुरावा म्हणून सिनेमा पाहायचा असला की ठाण्यातल्या प्रत्येकाला त्याच वेळी त्या खोलीतून स्टेपलर हवा असतो. एरवी सहीला न सापडणारे लोक चहाचे मग घेऊन दाराशी उभे. मी सगळ्यांना हाकलून दार लावून घेतलं.

ह्या सिनेमांबद्दल मी नाक मुरडणार नाही. व्हिडिओच्या दुकानात दोन सभ्य कॅसेटींच्या मध्ये तिसरी घालून नेणारे भले भले मी पाहिलेत. त्यांत ओढ कसली असते, तर नुसत्या अंगाची नव्हे. एका साध्या घराची बेल वाजते, दारात अनोळखी माणूस उभा असतो आणि आता आयुष्य बदलणार असं वाटतं. आपल्या दाराशी मीटर रीडिंगवाला सोडून कोण येतं? मात्र पहिल्या अर्ध्या तासानंतर बेल वाजवणाऱ्याला पुढे काय करायचं ते सुचत नाही. संवाद संपले की सॅक्सोफोन वाजतो. नायिका शॉवरमधून ओली निघते आणि जिना उतरेपर्यंत केस वाळलेले. दोन वेगळ्या घरांत एकच दिवा. आणि इन्स्पेक्टर! त्याला ना वरिष्ठ, ना कागदपत्रं, ना भूक. संशयिताने ‘‘मी घरीच होतो’’ म्हटलं की हा ‘‘ठीक आहे’’ म्हणून जातो. मी तसा वागलो असतो तर मला पार्किंगच्या ड्यूटीवर पाठवलं असतं.

बाई पडद्यावर आल्या की माझी मान आपोआप वळायची. ओळखीच्या बाई, हातून प्रसाद घेतलेला, बघणार कसं? त्यांच्या प्रवेशात मी भिंती पाहत होतो, खिडकी पाहत होतो, वॉलपेपरवरची निळी फुलं पाहत होतो. तीच सवय पुढच्या प्रवेशातही राहिली. तो स्वयंपाकघरात होता, त्यात बाई नव्हत्या. दुसरी गोरी नटी प्रियकराचा खून करायला मागून येते, आणि तिच्या हातात काय असावं? घडीची विळी. लाकडी पाट मुठीसारखा धरलेला, पातं वर, टोकाला खोबरं खवायचे दाते. वार झाला की खोटं रक्त पाटावरून ओघळतं. बिचाऱ्यांना स्वयंपाकघरात काहीतरी भयंकर हत्यार सापडलं असं वाटलं असणार.

मी एकटाच खो खो हसलो, आणि मग एकदम उठून उभा राहिलो. इंग्रजी सिनेमा, इंग्रजी घर, आणि विळी! म्हणजे घरमालक आपलाच. आणि डीव्हीडीची एक प्रत घरमालकाकडे होती.

ते घर कुठलं, हे विचारायला बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की त्यांना व्हॅनमधून नेलं होतं, त्या फक्त बेडरूममध्ये गेल्या आणि तिथल्या भिंतींवरचे फोटो काढलेले होते. मंडळात त्या नंतर आल्या, आणि मंडळ जमायचं ते भाड्याच्या हॉलमध्ये. कोणाच्या घरी जायचा प्रसंगच आला नव्हता.

मेंबरांची नावं मागायला मी अध्यक्षांकडे गेलो. बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, व्यासपीठावर संस्कृतीबद्दल बोलणारे गृहस्थ. ते घरी नव्हते. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरात नारळ खवत बसल्या होत्या, मला म्हणाल्या, ‘‘या ना भाऊ, इथेच या, चहा टाकते.’’ विळीच्या पाटावर मोठा लाल डाग होता.

‘‘हे काय सांडलं हो वहिनी?’’

‘‘विचारा ह्यांनाच! आईच्या आजारपणात मी इंडियाला गेले होते, परत येऊन बघते तर हा रंग. म्हणतात बीट चिरलं. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने कांदा चिरला नाही, बीट कुठनं चिरणार?’’

चहा घेऊन मी बाथरूम विचारलं आणि वर गेलो. बेडरूमचं दार उघडंच होतं. भिंतीवर निळी फुलं होती.

चौकशी रीतसर झाली. शेजारी वकील, टेबलावर टेप. अध्यक्ष आधी गुर्मीत होते. मग मी विळीचं बोललो आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘‘मला साबणाची अ‍ॅड आहे असं सांगितलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘मिसेसला प्लीज सांगू नका.’’

‘‘पण त्या बाईंनी तुमचं काय वाकडं केलं होतं?’’

‘‘दर रविवारी समोर यायची. नमस्कार करायची. वर्गात श्लोक म्हणवून घ्यायची मुलांकडून. मला सहन होईना. मुलांचाच विचार केला मी.’’

‘‘डीव्हीडी कितीदा पाहिलीत?’’

टेप फिरत होती. वकिलाने उत्तर देऊ नका म्हणून सांगितलं, तरीही ते हळूच बोलले, ‘‘काम चांगलं केलंय तिनं.’’

मला त्या क्षणी त्यांची किळस आली आणि दयाही आली. कशाची जास्त, ते आजही सांगता येत नाही.

गुन्हा कबूल केल्यामुळे त्यांना अधिकृत ताकीद देण्यात आली. बाईंची त्याला संमती होती, कोर्टात उभं राहायचं नव्हतं त्यांना. अध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. प्रकृतीएवढं सोशिक कारण दुसरं नाही. वर्ग चालू राहिला. नवऱ्याला बाईंनी स्वतःच सांगितलं. तो आधी नुसताच ताडताड बाहेर निघून गेला, फिरून परत आला आणि म्हणाला, ‘‘मला आधी का नाही सांगितलंस?’’ घर मोडलं नाही.

कागदावर सही करायला बाई ठाण्यात आल्या. आता तरी निवांत बसतील असं मला वाटलं होतं, पण त्या खिडकीशीच उभ्या राहिल्या.

‘‘ते काय म्हणाले? सिनेमाबद्दल?’’

सांगू नये असं वाटत होतं, पण सांगितलं. त्यांनी ऐकलं, हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

‘‘नवरा म्हणतो, झालं गेलं विसरू, पण मी तो बघणार नाही. डिरेक्टरने थँक यूसुद्धा म्हटलं नाही. माझ्या कामाबद्दल बोलला तो एकच माणूस, आणि तो हा.’’ मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘तुम्ही तर केससाठी किती वेळा पाहिलात. तुम्ही सांगा. कसं झालं होतं माझं काम?’’

मला वॉलपेपर आठवला. खिडकीची कडी आठवली. त्यांचा चेहरा आठवेना.

‘‘छान,’’ मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि म्हणाल्या, ‘‘असू दे, साहेब.’’

मी मान वळवली म्हणून केस सुटली, असं इन्स्पेक्टर कौतुकाने सांगायची. मान वळवणं म्हणजे त्या बाईंचा मान राखणं, असं मीही समजत होतो. कोणाची लाज राखायला आपण नजर खाली घालतो, तेव्हा त्या माणसाला लाज वाटतेय का, हे एकदा विचारावं, एवढं मी त्या प्रकरणात शिकलो. त्या बाईंना लाज वाटत नव्हती. त्यांना कोणीतरी पाहायला हवं होतं.

प्रकरण मिटलं तशी ती डीव्हीडी नियमाप्रमाणे नष्ट झाली. नष्ट केल्याच्या नोंदीवर सही माझीच आहे.